क्लेमच्या शर्टाची बाही

शुक्रवार, ३ ऑक्टोबर १९९७

लिही, क्लेम. मी झिला टॉली, वय शहात्तर. कोळशाच्या नावेत जन्मले. नाव या कालव्यावरून त्या कालव्यावर फिरत राहायची, त्यामुळे शाळा माझ्या शेजारून पुष्कळदा गेली, पण आत शिरायला कधी जमलं नाही. आता लॉकशेजारच्या, म्हणजे नावा वर-खाली करणाऱ्या कालव्याच्या दारांशेजारच्या, दोन खोल्यांत राहते. नवरा आर्नल्ड गेला त्याला बरीच वर्षं झाली. मुलगी डोरीन रग्बी गावात असते.

क्लेम म्हणतोय, "हे कशाला, मिसेस टॉली? हे आपल्याला माहीतच आहे." तेही लिहून टाक. हा क्लेम हॉबडे, पलीकडच्या घरातला. रेल्वेत सिग्नलमन होता, आता घरी असतो. लग्न केलं नाही. त्याचं अक्षर मोत्यासारखं आहे असं सगळे म्हणतात. मला काय, मोती काय आणि वाटाणे काय. दैनंदिनीची कल्पना त्याचीच. परवा म्हणाला, "तुम्ही एवढं बोलता, त्यातलं थोडं तरी कुठे साठवून ठेवायला हवं." मी म्हटलं, ठेव बाबा, हिवाळ्यात जाळायला होईल.

आजची गोष्ट अशी. शुक्रवारी रात्री टीव्हीवर 'आणखी थोडं लोणी' लागतं. पर्सी आणि म्यूरिएल ही दोन चुलत भावंडं, दोघंही पिंपासारखी. दुधाच्या जुन्या, विजेवर चालणाऱ्या गाडीतून गावोगाव फिरतात आणि लोकांच्या स्वयंपाकघरात घुसून जुनं-पुराणं जेवण रांधतात. गाडी इतकी हळू की मागे अख्खा जिल्हा अडकतो. आज पर्सीने बैलाच्या मांसाचं पुडिंग कापडात बांधताना जमिनीवर पाडलं. म्यूरिएल म्हणाली, "उचल. ही फरशी तुझ्या चारित्र्यापेक्षा स्वच्छ आहे." मी इतकी हसले, इतकी हसले, की गॅसवर सफरचंदं शिजत होती हे साफ विसरले. पातेलं कोळसा झालं. घरभर धूर.

आणि नेमकी तेव्हाच डोरीन दारात. दर शुक्रवारी येते. डॉक्टरांच्या दवाखान्यात स्वागताला बसते ना, त्यामुळे तिला सगळे रोग तोंडपाठ. खिडक्या उघडल्या, गॅस बंद केला, मग पर्सीलाही बंद केलं. म्हणाली, "आई, आता पुरे. रग्बीत म्हाताऱ्या माणसांसाठी फ्लॅट आहेत, त्यातला एक रिकामा होतोय. जेवण ट्रेमध्ये आयतं येतं. शेगडीच नाही, म्हणजे काळजी नाही."

"शेगडी नाही, तर मी दिवसभर करायचं काय?"

"विश्रांती."

विश्रांती मी मेल्यावर घेणारच आहे, हे मी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तिने डोळे पुसले असते, आणि मग मला हरावं लागलं असतं. चौदा नोव्हेंबरपर्यंत हो की नाही ते सांगायचंय.

शनिवार, ४ ऑक्टोबर

क्लेमने वाळूने पातेलं घासलं. अर्धं निघालं. उरलेलं आठवण म्हणून ठेवलंय.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

डोरीन आली. येताना स्वतःची उशी घेऊन आली. म्हणे माझ्या खुर्च्या कडक आहेत. कार्यक्रम सुरू झाला तशी ती शेगडीकडे तोंड आणि टीव्हीकडे पाठ करून बसली. "मी फक्त गॅसवर लक्ष ठेवायला आलेय, तुम्ही दोघं बघा," म्हणाली. तुम्ही दोघं म्हणजे मी आणि क्लेम. त्याचा टीव्ही बिघडलाय गेल्या वर्षापासून. दुरुस्तीवाले म्हणे मिळत नाहीत.

आज पर्सी-म्यूरिएलने एका पाद्र्याच्या घरी ब्रेडचं पुडिंग केलं. पाद्री हडकुळा, बायको त्याहून हडकुळी. म्यूरिएलने लोण्याची वडी टाकली. पाद्रीणबाई म्हणाल्या, "अहो, पुरे ना?" म्यूरिएल म्हणाली, "बाई, तुम्ही प्रार्थना अर्धी करता का?" आणि दुसरी वडी टाकली. क्लेमचा चहा नाकातून आला. लिही, लिही, लाजतोस काय.

डोरीनचे खांदे हलत होते. मी विचारलं, "सर्दी झाली का गं?" म्हणाली, "जरा." बराच वेळ हलत होते. जपायला हवं तिने.

मीही ब्रेडचं पुडिंग केलं होतं, दुपारीच, गॅससमोर उभी राहून, पापणी न लवता. डोरीनने चमचाही लावला नाही. तिचं आपलं डब्यातलं पांढरं पनीर आणि सेलरीच्या दांड्या. ते चावताना गोठ्यात बसल्यासारखं वाटतं. पण निघताना अर्धं पुडिंग कागदात बांधून मागितलं. शेजाऱ्यांच्या कुत्र्याला देणार आहे म्हणे. मागच्या आठवड्यातला केकही त्यालाच दिला. मनुका घातलेलं त्याला फार आवडतं. भाग्यवान कुत्रा.

बुधवार, १५ ऑक्टोबर

दवाखान्यातली नर्स आली होती. रक्तदाब बघितला आणि म्हणाली, तो लोणीवाला कार्यक्रम तुमच्यासाठी चांगला नाही. मी म्हटलं, मी तो खात नाही, बघते.

तिला काय सांगणार? क्लेम, तुला सांगते. लग्न झालं तेव्हा सासूने मला स्वयंपाकाचं एक जाडजूड पुस्तक दिलं होतं. ती वाचू शकायची, ती नावेवरची नव्हती. चाळीस वर्षं ते पुस्तक मी खिडकी अडवायला वापरलं. त्यात काय होतं मला ठाऊक नाही. मला जे येतं ते आईचे हात बघून आलं, आणि आईला दहा-बारा पदार्थांपलीकडे काही येत नव्हतं, कारण नावेवर एकच चूल आणि एकच भांडं. मग ही दोन टोणगी टीव्हीवर आली. 'बाळाच्या मुठीएवढं लोणी घ्या' म्हणतात. 'पीठ कानाच्या पाळीसारखं मऊ झालं की थांबा' म्हणतात. चुकलं की शिव्या घालतात एकमेकांना, पण टाकून देत नाहीत, खातात. बोटं चाटतात. जे जे म्हणून आम्हाला आता वाईट आहे असं सांगतात, चरबी, साय, साखर, ते सगळं त्यांच्या पातेल्यात उड्या मारत असतं आणि कुणाला त्याची लाज नसते. आयुष्यात पहिल्यांदा मला पुस्तक वाचता आलं म्हण ना. तेही हसत हसत.

आणि बघताना वाटतं, आपली गेलेली माणसं बाजूच्या खोलीत जेवायला बसलीत. पुरे. इथे थांब. चहा टाकते.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

डोरीनने फ्लॅट दाखवायला नेलं. गालिचा इतका मऊ की पाय रुतले, वाटलं चिखल आहे. भिंती क्रीम रंगाच्या. स्वयंपाकघर म्हणून एक कोनाडा, त्यात एक पेटी. दार उघडलं की दिवा लागतो, बंद केलं की टुणटुणते. बस्स. खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसते.

जिन्यात एक बाई भेटल्या, माझ्याच वयाच्या, केस छान सेट केलेले. मी विचारलं, "आज जेवायला काय?"

म्हणाल्या, "आज वार कोणता?"

"मंगळवार."

"म्हणजे चिकन असेल." आणि मग जरा थांबून म्हणाल्या, "किंवा मासा. खाल्ल्यावर कळतं कधी कधी."

माणसं प्रेमळ आहेत तिथली. मला तेच जड गेलं. वाईट असती तर भांडले असते.

मग डोरीनच्या घरी चहा घेतला. सगळं घर लख्ख. तिचा नवरा कीथ तिला सोडून एका पडदे विकणाऱ्या बाईबरोबर स्पेनला गेला, त्याला दोन वर्षं झाली, तरी टेबलाला खुर्च्या अजून दोन आहेत, आणि एकीवर वर्तमानपत्रांची चळत. फ्रिज उघडला तर अर्धं लिंबू आणि तो पनीरचा डबा. एकमेकांकडे बघत बसलेले. येताना शेजारीण बागेत होती. मी म्हटलं, "तुमचा कुत्रा कसा आहे?"

"कुत्रा? आमच्याकडे पोपट आहे."

गेला असणार बिचारा. एवढं गोड खाऊन कोण टिकेल? गाडीत मी डोरीनला म्हटलं, "कुत्र्याचं ऐकून वाईट वाटलं गं." तिने गिअर चुकीचा टाकला. फार लावून घेतलंय तिने.

क्लेम हसतोय. कुणाच्या मरणावर हसू नये, क्लेम.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

बातमी! पर्सी आणि म्यूरिएल येताहेत. आमच्याकडे! कालव्याकाठच्या गावांवर कार्यक्रम करायचाय त्यांना. बारा नोव्हेंबरला चॅपेलच्या हॉलमध्ये. नावेवरच्या लोकांचं जुनं खाणं काय होतं ते बघायचंय म्हणे. फोन चॅपेलच्या समितीला आला, आणि समितीचं डोकं फिरलं.

काल सभा झाली. मी मागच्या बाकावर. खाटीक हॅडलीने उठून म्हटलं, "लोक लंडनहून येताहेत. त्यांच्यापुढे चरबीचं काही ठेवलं तर काय म्हणतील? आपल्याला काही सभ्यता आहे की नाही?" लक्षात घे, खाटीक म्हणतोय हे! दुसरी कुणी म्हणाली, "टीव्हीवर ते खातात तो त्यांचा धंदा. खरं म्हणजे त्यांना कंटाळाच आला असेल. त्यांना हलकं काहीतरी देऊ. बरं वाटेल त्यांना." सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मला सभेला घेऊन आलेल्या डोरीनला, पथ्याचं कळतं म्हणून, मुख्य केलं. तिचे गाल लाल झाले. कितीतरी दिवसांनी कुणी तिला मुख्य काही केलं होतं, म्हणून मी गप्प बसले. नाहीतर माझ्या जिभेला गप्प बसायची सवय नाही.

मला काम दिलंय ते पहिल्या रांगेत बसायचं. नावेवरचं जुनं टोपडं घालून. विचारलं तर सांगायचं, करायचं काही नाही. डोरीन म्हणाली, "आई, गॅसजवळ जाऊ नकोस हं त्या दिवशी." म्हणजे मी आता नमुना. भुसा भरून काचेच्या कपाटात ठेवलं की झालं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

क्लेम, हात मोकळे करून बस, आज लांबण आहे.

ती दोघं उशिरा आली. दुधाची गाडी, आणि तिच्यामागे बस, दोन ट्रॅक्टर, आणि एक शववाहिका. शववाहिकेतल्या लोकांनीही उतरून म्यूरिएलशी हस्तांदोलन केलं. टीव्हीवर दिसतात त्याहून मोठी आहेत दोघं. हॉलचं दार दोन्ही फळ्या उघडून त्यांना आत घेतलं. कानाला यंत्र लावलेली टीव्हीवाल्यांची एक सडपातळ मुलगी सगळ्यांना कुठे उभं राहायचं ते सांगत होती.

मग ताट आलं. वाफवलेला पांढरा मासा, मीठ नाही. लेट्यूसची पानं. टोमॅटोचं फूल केलेलं. आणि डब्यातलं पनीर, वर कोथिंबिरीसारखं काहीतरी. डोरीन नवा निळा कोट घालून मागे उभी, हात गच्च आवळलेले.

म्यूरिएलने घास घेतला. पर्सीने घेतला. कॅमेरा चालू.

"किती," म्यूरिएल म्हणाली, आणि थांबली. "किती हिरवं."

"फारच ताजं," पर्सी म्हणाला. "पोटाला कळतसुद्धा नाही, आपण जेवलो ते."

"आभारी आहोत," समिती म्हणाली.

"छे छे, आम्ही आभारी," पर्सी म्हणाला आणि आणखी एक पान तोंडात घातलं, कडू औषध घ्यावं तसं. ही माणसं टीव्हीवर सुऱ्या घेऊन भांडतात, आणि इथे लग्नातल्या नवख्या पाहुण्यांसारखी चावत बसली. एक विनोद नाही. त्या सडपातळ मुलीने छताकडे पाहिलं. त्यांना काय हवंय ते आम्ही विचारलं नाही, आणि त्यांना काय नकोय ते त्यांनी सांगितलं नाही. आमच्याकडे याला रीतभात म्हणतात. या रीतभातीपायी आमच्यातली माणसं अख्खी लग्नं निभावून नेतात.

मी डोरीनकडे पाहिलं. तिला कळलं होतं. कोटाचं बटण फिरवत होती, तुटेपर्यंत.

शेवटी म्यूरिएल माझ्याकडे वळली. "आणि आजीबाई, तुम्ही नावेवर काय करायचात?"

मी सांगितलं. सोमवार ते शनिवार बटाटे आणि बेकन, पण रविवारी जॅमची गुंडाळी. पिठात किसलेली चरबी घालायची, लाटायचं, जॅम पसरायचा, गुंडाळी करायची. नावेवर भांडं एकच, त्यात बटाटे आधीच उकळत असायचे. पुडिंग बांधायला कापड कुठलं? मग नवऱ्याचा धुतलेला शर्ट घ्यायचा, त्याच्या बाहीत गुंडाळी घालायची, दोन्ही टोकं दोरीने बांधायची आणि सोडायची बटाट्यांच्या शेजारी. रविवारी पुडिंग, सोमवारी परत शर्ट. आर्नल्ड म्हणायचा, माझा उजवा हात नेहमी गोड असतो. माश्या बसायच्या त्याच्यावर.

पर्सीने काटा खाली ठेवला. "म्यूरिएल," तो म्हणाला, "मला रडू येतंय."

"रड," म्यूरिएल म्हणाली, "पण आधी विचार, आहे का एखादी शिल्लक."

"नाही," मी म्हटलं. "मला गॅसला हात लावायची बंदी आहे."

अख्ख्या हॉलने डोरीनकडे पाहिलं. माझ्या तोंडातून निघून गेलं होतं, आता काय? मला वाटलं, आता ही उठून जळक्या पातेल्याची गोष्ट देशभर सांगणार. ती उठली. कोट काढला, घडी घातली, खुर्चीवर ठेवला. म्हणाली, "चरबी कुठे मिळेल?"

"माझ्याकडे," खाटीक हॅडली ओरडला. "दुकानात. मागच्या बाजूला लपवलीय."

आणि मग एकेक बाहेर यायला लागलं. मिसेस प्राउसच्या पिशवीत आलुबुखारचा जॅम होता, सहज आणलेला. पाद्रीसाहेबांच्या गाडीत साय होती, तीही सहज. असं वाटलं की सगळं गाव अंगावर चोरीचा माल घेऊन फिरत होतं.

माझ्या मनगटांना आता गाठी आहेत, लाटणं जमत नाही. डोरीनने लाटलं. लहानपणी नावेच्या छतावर बसून लाटायची, त्यानंतर आज. मी बाजूला उभी.

"पाणी कमी पडलं."

"आई, कळतं मला."

"एवढं जाड?"

"आई, तू टोपडं घालून पहिल्या रांगेत बसणार होतीस ना?"

"मॅडम," पर्सी डोरीनला म्हणाला, "तुम्ही आमच्याकडे नोकरी कराल का? म्यूरिएलशी भांडून भांडून माझा घसा बसलाय."

मग बाहीचा प्रश्न आला. हॉलमध्ये कापड म्हणून काही नाही, सगळं कागदी. पर्सीने स्वतःची बाही पुढे केली. तीत वासरू मावलं असतं, पण जांभळे पट्टे, रंग सुटला असता. तेवढ्यात मागून आवाज आला, "माझी घ्या, मिसेस टॉली."

क्लेम उभा. अंगात पांढराशुभ्र शर्ट, खळ घातलेला, कडक इस्त्रीचा. इतका चांगला शर्ट याच्याकडे आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मी म्हटलं, "अरे, नवा आहे का?" म्हणाला, "आजच्यासाठी घेतला." टीव्हीवर दिसायची हौस एकेकाला! हॅडलीने कात्री आणली. डोरीनने खांद्यापासून बाही कापली. डोळे भरून आले होते तिचे, पण हसत होती. क्लेमकडे बघून म्हणाली, "मिस्टर हॉबडे, मी सुद्धा आंधळीच, बरं का." याचा अर्थ काय ते मला कळलं नाही. क्लेम बिटासारखा लाल. थंडी वाजत असणार, नोव्हेंबर आहे. मी माझी शाल त्याच्या उघड्या दंडावर टाकली. ती शाल अजून परत आलेली नाही, क्लेम.

म्हणतो, धुवायला टाकलीय.

पुडिंग उकळत होतं तेव्हा पर्सीने चॅपेलची पेटी वाजवली, भजनांच्या चालीवर दारूची गाणी. पाद्रीसाहेबांनी ऐकू न आल्यासारखं केलं आणि पायाने ताल धरला. मग भांडण लागलं कस्टर्डवरून. कस्टर्डवर साय धरू द्यायची की ढवळत राहायचं. म्यूरिएल म्हणाली, साय नसेल तर ते कस्टर्ड नव्हे, पिवळं पाणी. डोरीन म्हणाली, साय म्हणजे शाळेतली शिक्षा. हॉल उभा दुभंगला. आयुष्यभर एका बाकावर बसून प्रार्थना करणारी माणसं एकमेकांना नावं ठेवायला लागली. हॅडली आणि मिसेस प्राउस यांचं तर बोलणंच बंद झालं, संध्याकाळपर्यंत. पर्सी खुर्चीवर चढून म्हणाला, "निवडणूक घेऊ या!" आणि खुर्चीचा पाय मोडला. डोरीन इतकी हसली, तोंडावर हात न ठेवता, आवाज करून, टेबल धरून हसली, की गॅसवरचं कस्टर्ड तिच्या ध्यानातच राहिलं नाही.

वास आला. धूर झाला. पातेलं काळं.

डोरीन माझ्याकडे बघतेय. मी डोरीनकडे बघतेय. कॅमेरा आम्हा दोघींकडे.

क्लेम, तुला ठाऊक आहे, त्या क्षणी माझ्या जिभेवर किती काय काय आलं होतं. एकही शब्द बोलले नाही. माझ्या उभ्या आयुष्यात त्याहून अवघड काम मी केलेलं नाही. मी नुसती खिडकी उघडली.

मग बाही सोडली. गुंडाळी बाहेर आली, वाफाळती, एका टोकाला फुटून जॅम ओघळत होता. कस्टर्ड नव्हतं म्हणून पाद्रीसाहेबांची साय ओतली. डोरीनने पहिला तुकडा खाल्ला, उभ्यानेच, हाताने. हनुवटीवर जॅम. मग दुसरा. मग हुंदका आला. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाली, "वाफ गेली डोळ्यांत." पुडिंग तोंडात आणि वाफ डोळ्यांत. जाऊ दे.

पर्सीने तीनदा घेतलं आणि म्हणाला, "याला चव आहे ती..." म्यूरिएल म्हणाली, "सिग्नलमनची." सगळे हसले. क्लेम बसल्या जागी एक बाही नसलेला राजा.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज उत्तर द्यायचा दिवस.

मी ठरवलं होतं हो म्हणायचं. डोरीनला सारखं इतकं लांब यावं लागतं, थकलेली दिसते, रात्री अंधारात गाडी चालवते. पोरीला किती छळायचं? पोट भरायला ट्रे पुरतो. सकाळपासून मनाशी घोकत होते. शेगडी पुसून ठेवली. दोनदा पुसली. क्लेम आला होता, तो खिडकीतून लॉककडे बघत बसला. त्याला विचारलं, "रग्बीला बस जाते ना रे?" म्हणाला, "जाते. मी चौकशी केलीय."

डोरीन आली. फ्लॅटवाल्या बाईंना माझ्या समोरच फोन लावला. मी तोंड उघडलं, त्याआधीच ती बोलली. "मी मिसेस टॉलींची मुलगी. आईला ती खोली नकोय." आणि ठेवला फोन.

मी म्हटलं, "मला विचारलंस का?"

"तू हो म्हणणार होतीस."

"मग?"

"मग नको." आणि शेगडीकडे बोट दाखवून म्हणाली, "पण याच्यावर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. रोज. मी सोमवारी सामान घेऊन येतेय. दवाखाना इथूनही तेवढाच लांब पडतो."

तेवढाच कसला, दुप्पट आहे. हिशेब तिला कधी जमलाच नाही. मी म्हटलं, "पहारेकरी ठेवतेस काय माझ्यावर?" म्हणाली, "हो." आणि टीव्ही लावला, आणि उशी घेऊन बसली. टीव्हीकडे तोंड करून.

असं आहे बघ. म्हातारपणी घरात पोलीस आला.

शनिवार, २२ नोव्हेंबर

पोलिसाने ताबा घेतलाय. तिचे सहा खोके आले, त्यातला एक नुसता भांड्यांचा, कधी न वापरलेल्या. माझ्या सुऱ्या उजव्या बाजूच्या डाव्या झाल्या. आज सकाळी उठले तर स्वयंपाकघरातून वास. डोरीन गाऊनमध्येच उभी, बेकनच्या चरबीत ब्रेड तळतेय, गुणगुणतेय, पर्सीने पेटीवर वाजवलेलं ते गाणं, ज्याचे शब्द चॅपेलमध्ये म्हणता येत नाहीत. मी पुढे झाले तर सराटा आडवा धरला. "आई, तू बस."

"माझी शेगडी आहे ती."

"बस म्हटलं ना. मिस्टर हॉबडे, तिला बसवा."

आणि क्लेमने खुर्ची ओढली. त्याला आता रोज नाश्त्याला बोलावते ती. मला विचारत नाही. त्याचा टीव्ही जसा बिघडला तसा त्याचा टोस्टरही बिघडला असावा.

म्हणजे बघ, फ्लॅट टळला, खोल्या राहिल्या, खिडकीतून लॉक दिसतंय, आणि शेगडी गेलीच शेवटी हातातून. कुणाकडे तक्रार करायची? मी बसले. माझ्याच टेबलाशी, माझ्याच खुर्चीत, रिकाम्या हातांनी. हात कुठे ठेवायचे तेच कळेना. मग तिने माझ्यापुढे ताटली ठेवली. ब्रेड कडेने कुरकुरीत, मध्ये मऊ, वर अंडं. मी जरा जास्तच भाजलंय असं म्हणणार होते. खाल्लं. ताटली पुसून खाल्लं.

डोरीन सराटा हातात घेऊन वळली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "अजून घेशील?"

या घरात हे विचारायची ती मीच, आजवर. मी म्हटलं, घेईन.